जामीन कोण राहणार?

आपले दुखणे चारचौघांत सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. नळावर, ओट्यावर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही दोन माणसे भेटली की 'कसे काय, बरे आहे ना?' या प्रश्नाला 'बरे आहे' एवढेच उत्तर क्वचित येते. गुडघे निघतात, पित्त निघते, साखर निघते. ऐकणाराही नुसता ऐकून घेत नाही. 'आमच्या मेव्हण्यांना अगदी असेच व्हायचे' अशी सुरुवात करून तो हातोहात एक उपाय सांगून मोकळा होतो. मी तीस वर्षे बँकेत नोकरी केली. पेन्शनच्या तारखेला काउंटरसमोर लागणारी रांग म्हणजे दुखण्यांचे संमेलनच असे. मूळव्याधीला सुरण, खोकल्याला अडुळसा, कावीळ उतरवणारा अमक्या गावचा माणूस, ही सगळी देवाणघेवाण नोटा मोजता मोजता चाले.

या सल्ल्यांत शास्त्र फारसे नव्हते. काही सल्ले तर घातकही होते. पण त्यांना एक लगाम होता. सल्ला देणाऱ्याला पत्ता होता. शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या काढ्याने पोट बिघडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच दारात उभे राहून 'काकू, हे काय सांगितलेत?' असे विचारता येई. काकूंना तोंड लपवायला जागा नसे. म्हणून त्याही जपून बोलत आणि दुखणे मोठे दिसले की 'बाई, तू आपली डॉक्टरकडे जा' असे सांगत.

आता हा ओटा मोबाइलमध्ये गेला आहे. आपल्या थायरॉइडची, पीसीओडीची, नैराश्याची, वाढलेल्या किंवा घटलेल्या वजनाची कहाणी रोज थोडी थोडी सांगणारी आणि लाखो लोक जिला ऐकतात अशी एक नवी जमात उदयाला आली आहे. 'इन्फ्लुएन्सर' हा शब्द आपण जसाच्या तसा उचलला. प्रभाव पाडणारा, एवढाच त्याचा अर्थ. कशाच्या बळावर प्रभाव पाडणारा, हे तो शब्द सांगत नाही. कहाणीच्या शेवटी बहुधा एक डबी येते, कधी गोळ्यांची, कधी पावडरीची. आणि 'माझा कोड टाका, सवलत मिळेल' हे आश्वासन येते.

हे शहरी खूळ आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने राजूरला जावे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, पश्चिम भागात, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर हे गाव आहे. पेढ्यांसाठी प्रसिद्ध. भोवती महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, डोंगरउतारावर भात, नागली, वरई, खुरासणी. माझ्या नोकरीतली काही वर्षे तिथे गेली आणि निवृत्तीनंतरही जाणे-येणे राहिले. पूर्वी एखाद्या वाडीवर बँकेचा निरोप पोचवायचा तर दिवस मोडत असे. आज त्याच वाडीवर, जिथे रेंज मिळते त्या चढावर बसून, पोरेसोरे आणि त्यांच्या आयाही रील पाहतात.

तिथल्या एका बचत गटातल्या बाईंची हकिगत सांगते. नाव सांगत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, सात-आठ वर्षांचा मधुमेह, गोळ्या नियमित. मुलाने हौसेने मोबाइल घेऊन दिला. त्यात त्यांना एक हसतमुख बाई भेटली. तिने म्हणे मधुमेहावर 'मात' केली होती आणि सगळ्या गोळ्या फेकून दिल्या होत्या. आमच्या बाईंनीही गोळ्या बंद केल्या आणि कारल्याचा रस सुरू केला. अडीच-तीन महिन्यांनी चप्पल चावून पायाच्या बोटाला फोड आला. दुखला नाही, म्हणून लक्ष दिले नाही. मधुमेहातली खरी गोम इथेच आहे. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा मंदावतो. जखम झाल्याचे कळत नाही आणि झालेली जखम भरत नाही. नाशिकला नेले तेव्हा एक बोट काढावे लागले. पाय वाचला, हे नशीब.

मी भेटायला गेले तेव्हा न राहवून विचारले, 'इतकी वर्षे घेतलेल्या गोळ्या एकदम सोडल्या कशा?' त्या म्हणाल्या, 'म्याडम, दवाखान्यात कागदाकडं बघून बोलतात. ती बाई माझ्याकडं बघून बोलायची.'

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. मोबाइलमधली ती बाई कॅमेऱ्याकडे बघत होती, हे त्यांना कोण सांगणार?

ती बाई खोटे बोलत होती असेही मी म्हणत नाही. मधुमेह नुकताच जडलेला असेल आणि वजन बरेच उतरले, तर काही जणांची साखर गोळ्यांवाचून आटोक्यात राहू शकते, हे डॉक्टरही मान्य करतात. पण ते वेळोवेळी रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एकीचा अनुभव सोळा आणे खरा असला तरी तो दुसरीचे औषध होत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. एवढ्या माणसांपुढे कुणी 'गोळ्या फेका' म्हणाले, तर त्यातली किती ऐकतील याचा विचार करूनच अंगावर काटा येतो.

या कहाण्या सांगणाऱ्यांत सगळे एका माळेचे मणी नाहीत. काही जण निव्वळ खोटे बोलतात. ऑस्ट्रेलियातल्या बेल गिब्सनने आपल्याला मेंदूचा कर्करोग असून तो आहाराने आटोक्यात ठेवल्याचे सांगितले, त्यावर ॲप काढले, पाककृतींचे पुस्तक खपवले. २०१५ साली कबुली आली की कर्करोग कधी नव्हताच. २०१७ साली तिथल्या न्यायालयाने तिला ४ लाख १० हजार डॉलरचा दंड केला. आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२४ रोजी पूनम पांडे या अभिनेत्रीच्या इन्स्टाग्रामवर, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिचे निधन झाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच जिवंत प्रकटली. जनजागृतीसाठी हे केले, असा खुलासा झाला. त्या एका दिवसात, ज्यांच्या घरात हा आजार खरोखरच आहे त्यांच्यावर काय गुदरले असेल, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

काही जण मनापासून बोलतात आणि तरीही घोटाळा होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कर्करोग बरा झाल्याच्या आनंदात हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि साखर-दूध बंद करण्याचे गुणगान केले. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झालेली होती. पण ध्वनिचित्रफीत फिरली ती हळद-कडुनिंबाची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावे लागले, की या दाव्यांना पुरेसा आधार नाही, कृपया उपचार लांबवू नका. पुढे सिद्धू यांनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांच्या जोडीला होता असा खुलासा केला. ध्वनिचित्रफीत घराघरांत पोचल्यावर खुलासा मागून निघाला, आणि खुलासे नेहमी पायीच चालतात.

तिसरा प्रकार आजाराचा नाही, आजाराला आमंत्रण देण्याचा. लोण्यात बुडवलेला पाव, चीजखाली गाडलेली मिसळ, एका बैठकीत किती रिचवता येते याच्या पैजा. २०२१ साली पुण्याजवळच्या एका हॉटेलाने सुमारे चार किलोंची मांसाहारी थाळी तासाभरात संपवणाऱ्याला बुलेट मोटारसायकल देण्याची योजना काढली आणि देशभर तिचे कौतुक झाले. गंमत अशी की याच पडद्यावर, बोट एकदा वर सरकवले की पोट साफ करणारी आणि वजन उतरवणारी पावडर विकणारा हजर होतो. दुखणेही तिथेच, औषधही तिथेच.

राजूरच्या बाजारात मी पाहते, नागली विकायला बसलेल्या आजीच्या शेजारी नातू कुरकुरीत तळलेल्या कसल्याशा पाकिटात बोटे घालून बसलेला असतो. तीच नागली सुंदर डबीत शिरून, मोबाइलवरून, कितीतरी पट भावाने मुंबई-पुण्याला 'वजन घटवणारी' म्हणून जाते. आजीला यातले काही ठाऊक नसते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी, घरातले लहान मूल आजारी पडू लागले म्हणून गावरान बियाणे जपायला सुरुवात केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनाही लोक ऐकतात. पण त्या जे सांगतात ते त्यांच्या अंगणात जाऊन, हातात घेऊन पाहता येते.

बँकेत कर्जमागणीचा अर्ज आला की आम्ही अर्जदाराच्या गोड बोलण्यावर जात नसू. जामीनदार कोण, हे आधी पाहत असू. कर्ज थकले तर जामीनदाराच्या दारात जाता येते, म्हणून त्याच्या सहीला किंमत. आरोग्याचा सल्ला हेही एक प्रकारचे कर्जच. घेणाऱ्याने आपले शरीर तारण ठेवलेले असते. मग सल्ला देणाऱ्याने निदान जामीन तरी राहायला नको?

कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर हमखास इलाजाच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने कधीच बंदी घातली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने बजावले, की आरोग्याचे तज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी आपला सल्ला वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही हे स्पष्ट सांगावे. त्याच महिन्यात भारतीय जाहिरात मानक परिषदेने पोषण-आरोग्याविषयी तांत्रिक सल्ला देणाऱ्यांना पात्रता सुरुवातीलाच उघड करण्याचा नियम केला. नियम आहेत. पण राजूरच्या वाडीवरची बाई तक्रार करणार कुणाविरुद्ध, आणि कोणत्या पत्त्यावर?

आजार सांगूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. डॉ. अभय बंग यांना १९९५ साली हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी, स्वतः डॉक्टर असून आपण कुठे चुकलो, हे मोकळेपणाने लिहिले. मराठी घरांत ते पुस्तक किती हातांतून फिरले! त्यातल्या अनुभवाला नाव होते, गाव होते, आणि शेवटी विकायची डबी नव्हती. नैराश्य, वंध्यत्व, स्तनांचा कर्करोग यांविषयी बोलायला आपल्याकडे लाज वाटे. ती लाज कमी करण्यात मोबाइलवर प्रामाणिकपणे बोलणाऱ्या काही तरुण मुलींचाही वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. 'मला हे झाले, तुम्हीही तपासून घ्या' इथपर्यंत सांगणारा आपला मित्र. 'डॉक्टर सोडा, माझे घ्या' म्हणणारा मित्र नव्हे.

आणि डॉक्टरमंडळींनाही एक विनंती. दाराबाहेर चाळीस माणसे बसलेली असतात, हे मला ठाऊक आहे. तरी गोळ्या लिहिताना एकदा मान वर करून 'या सोडायच्या नाहीत, का ते सांगतो' एवढे बोला. तेवढ्या अर्ध्या मिनिटाची जागा रिकामी राहिली, की तिथे मोबाइल येऊन बसतो.

घरोघरी आपल्याला करता येईल ते साधेच आहे. एखादा उपाय समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस कोण, काय शिकलेला? मी ऐकले तर याला काय मिळते? माझे बिघडले तर मी याला कुठे शोधू? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर अर्ज नामंजूर. चालू औषध बंद करण्याचा निर्णय तर ज्याने ते लिहून दिले त्याला विचारल्याशिवाय घेऊच नये. आईवडिलांना मोबाइल घेऊन देणाऱ्या मुलांनी, त्यात ते काय पाहतात हेही अधूनमधून त्यांच्या शेजारी बसून पाहावे.

राजूरच्या त्या बाई आता पुन्हा गोळ्या घेतात. दर आठवड्याला वाडीवरच्या आशाताई येऊन त्यांचे पाय पाहून जातात, साखर कधी तपासायची ते सांगतात, कधी रागावतातही. आशाताईंना ऐकणारी घरे गावापुरती मोजकी. पण त्या कुठे राहतात, हे वाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.