शुश्रूषेचे शास्त्र आणि सरकारी जमाखर्च

२००२ सालच्या ऑक्टोबरात जपानच्या आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांच्या दरपत्रकात एक लहानसा फेरफार अमलात आणला. त्या देशात सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाला आरोग्यविम्यातून मिळणारा मोबदला एकाच राष्ट्रीय दरपत्रकाने ठरतो. ते दरपत्रक दर दोन वर्षांनी तपासून सुधारले जाते. त्यात प्रत्येक कामाचे मोल गुणांत मांडलेले असते आणि एका गुणाची किंमत १० येन धरलेली असते. ज्या रुग्णालयात शय्याव्रण टाळण्याची विहित तजवीज नसेल, त्याच्या देयकातून दर रुग्णामागे दररोज ५ गुण वजा करावेत, एवढाच त्या फेरफाराचा आशय होता. ५० येन ही रक्कम नगण्य खरी. परंतु ३०० खाटा भरलेल्या रुग्णालयाला तीच वजावट दिवसाला १५,००० आणि वर्षाला ५४ लाखांहून अधिक येनांची पडते, आणि म्हणून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या पाठीवरील जखमांचा जो विषय तोवर परिचारिकांच्या खोलीबाहेर फारसा जात नसे, तो रुग्णालयांच्या चालकांपुढे हिशेबाचा विषय होऊन उभा राहिला.

या घटनेचा महाराष्ट्रातील वाचकांनी शांतपणे विचार करावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. शुश्रूषेचा गौरव करण्यात आपण कोणाच्या मागे नाही. परंतु शुश्रूषेतून निर्माण होणाऱ्या ज्ञानाला शास्त्राची प्रतिष्ठा देणे आणि त्या ज्ञानाची किंमत राज्याच्या जमाखर्चात मांडणे, ही दोन्ही कामे आपल्याकडे अद्याप व्हावयाची आहेत.

शय्याव्रण म्हणजे काय, हे ज्या घरात वडीलधारे माणूस महिनोन्महिने अंथरुणावर आहे त्या घराला सांगावे लागत नाही. माकडहाड, खुबे, टाचा अशा ठिकाणी हाड आणि बिछाना यांच्यामध्ये मांस चेपले जाते, रक्ताचा पुरवठा खुंटतो, कातडी आधी लाल होते, मग फाटते, आणि पुष्कळदा वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत पोखरत गेलेली असते. असा व्रण हा बहुधा रोगाचा दोष नसून शुश्रूषेचा दोष होय, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने एकोणिसाव्या शतकात बजावले होते, आणि त्या बजावण्याने जगभरच्या परिचारिकांना दक्ष केले, यात शंका नाही. पण दोष परिचारिकेच्या माथी मारताना गादी निवडण्याचा, आहार बदलून मागण्याचा किंवा डॉक्टरांना थांबवून प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र तिला कोणी दिला नाही. मग जखम झाली तरी ती दप्तरी लिहिण्यास हात कचरतो, कारण लिहिणे म्हणजे आपल्या हाताने कबुलीजबाब देणे. आणि जेथे नोंदच नाही तेथे संशोधनास आरंभ तरी कोठून व्हावा?

ही कोंडी फोडण्यात जपानमध्ये परिचारिकांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांत हिरोमी सानादा या विदुषीचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. कानाझावा विद्यापीठात आणि पुढे तोक्यो विद्यापीठात त्यांनी केलेल्या कामाचे वैशिष्ट्य असे, की अमेरिकेतून आलेली धोका मोजण्याची पद्धत जशीच्या तशी न स्वीकारता, समोरच्या खाटेवरील माणसाचा देह प्रत्यक्षात कसा आहे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. जपानी रुग्णालयांत दीर्घकाळ पडून असलेली वृद्ध माणसे पुष्कळदा अतिशय कृश असतात, त्यांचे सांधे आखडलेले असतात आणि माकडहाडाचा उंचवटा उघड वर आलेला असतो. म्हणून हाडाचा हा उंचवटा हिशेबात धरणारे मोजमाप कानाझावा येथे तयार झाले. नळीने अन्न घेणाऱ्या रुग्णाच्या खाटेची डोक्याकडील बाजू उंच करावीच लागते, आणि ती उंच केली की देह खाली घसरू लागून कातडी एकीकडे व हाड दुसरीकडे ओढले जाते. तेव्हा अशा देहासाठी हवेच्या कप्प्यांचे दोन थर असलेली गादी घेऊन ती एकथरी गादीशी आणि साध्या गादीशी रीतसर चाचणीने ताडून पाहण्यात आली, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुहेरी थराच्या गादीवरील रुग्णांना व्रण कमी झाल्याचे आढळले.

परंतु या साऱ्या संशोधनातील मला अधिक हृद्य वाटणारा भाग यंत्रांचा नाही, हातांचा आहे. खाट उंच करताना आधी गुडघ्यांखालची बाजू उचलावी, मग पाठीकडची, आणि ती उचलून झाल्यावर रुग्णाला हलकेच पुढे घेऊन त्याची पाठ क्षणभर गादीपासून सुटी करावी, म्हणजे कातडीत अडकलेला ताण निघून जातो. ही कृती तेथील परिचारिकांच्या नित्यक्रमाचाच भाग झालेली आहे. लाल झालेली जागा चोळू नये आणि मधे भोक असलेले गोल कडे बुडाखाली देऊ नये, असे तेथील मार्गदर्शक संहिता स्पष्ट सांगतात. आपल्याकडे मात्र स्पिरिट आणि पावडर लावून तीच जागा चोळणे आणि बाजारातून रबरी कडे आणून देणे, हीच कित्येक घरांत मनोभावे केलेल्या सेवेची खूण समजली जाते. दर दोन तासांनी कूस बदलावी हा जुना नियमही त्यांनी पुन्हा तपासून पाहिला, आणि गादी योग्य असेल तर हे अंतर चार तासांपर्यंत नेता येते, असे ठरवले. त्यामुळे रुग्णाची मध्यरात्रीची झोप मोडत नाही, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला तोच वेळ दुसऱ्या खाटेजवळ देता येतो. अशा शोधांची वार्ता वृत्तपत्रांपर्यंत क्वचितच पोहोचते, तरीही एखाद्या असाहाय्य माणसाच्या पुढच्या सहा महिन्यांचे दुःख त्यांच्यावर अवलंबून असते.

१९९८ साली जपानमध्ये शय्याव्रणाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विद्वत्सभा स्थापन झाली. ताकेहिको ओउरा हे शल्यविशारद तिचे पहिले अध्यक्ष. पण तिच्यात डॉक्टरांच्या मांडीला मांडी लावून परिचारिका, औषधतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ बसले. व्रणाची खोली, स्राव, आकार, जंतुसंसर्ग, नवे मांस, मृत मांस आणि आतील पोकळी अशा सात अंगांची पाहणी करून जखमेला गुण देणारी ‘डिझाइन’ नावाची पद्धत या सभेने २००२ मध्ये सिद्ध केली आणि २००८ मध्ये त्या अंगांचे वजन संख्याशास्त्राने ठरवून ती सुधारली. होक्काइदोच्या परिचारिकेने केलेली नोंद आता क्यूशूच्या परिचारिकेला जशीच्या तशी कळू लागली, आणि जी नोंद पूर्वी कबुलीजबाब वाटत असे ती पुरावा म्हणून उपयोगी पडू लागली. वजावटीचा हुकूम आला तोही याच काळात. त्यानंतर २००६ साली सरकारने वजाबाकीला बेरजेची जोड दिली: व्रणांच्या शुश्रूषेचे विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका ज्या रुग्णालयाने याच कामावर नेमली असेल, त्याला अधिक धोक्याच्या प्रत्येक रुग्णामागे एकदा ५०० गुण, म्हणजे ५,००० येन, जादा मिळू लागले. ही रक्कम सार्थकी लागते की नाही, याचाही सानादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, आणि अशी परिचारिका असलेल्या रुग्णालयांत जखमा अधिक चांगल्या भरून येतात व खर्चही कमी होतो, असे दाखवून दिले. शय्याव्रण टाळण्याची तजवीज तर पुढे दाखल रुग्णांच्या मूळ दराचीच अट होऊन बसली.

या यशामागे जी दीर्घ तयारी होती तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे न्याय्य होणार नाही. रुग्णाची संपूर्ण शुश्रूषा रुग्णालयानेच करावी, हे तत्त्व जपानी सरकारने १९५० सालीच मान्य केले होते. तरीही पुढे चार दशके नातेवाईक आणि पगारी सोबतिणी खाटेजवळ बसूनच होत्या, कारण परिचारिकांची संख्या तुटपुंजी होती. रात्रपाळीला एकटी परिचारिका नसावी, दोघी असाव्यात, आणि महिन्याला आठांहून अधिक रात्रपाळ्या नसाव्यात, यासाठी निइगाता प्रांतातील परिचारिकांनी १९६८ साली जो लढा दिला तो देशभर पसरला. सोबतिणींची पद्धत बंद करण्याचा निर्णय १९९४ च्या दरपत्रकाने केला. परिचर्येची पदवी देणारी विद्यापीठे १९९१ साली अवघी ११ होती. १९९२ मध्ये परिचारिकांच्या शिक्षणाला आणि नेमणुकांना उत्तेजन देणारा कायदा झाला, आणि आज ही संख्या तीनशेच्या आसपास गेली आहे. जिला रात्री साऱ्या कक्षाचा भार एकटीने वाहायचा आहे, तिच्याकडून संशोधनाची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. प्रथम तिचे हात मोकळे झाले, मग तिला विद्यापीठ मिळाले, आणि त्यानंतर तिचे निरीक्षण शास्त्र म्हणून उभे राहिले.

आणखी एक उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते, कारण त्याचा संबंध देहाइतकाच माणसाच्या मानाशी आहे. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध नळी ओढतो, खाटेवरून उतरू पाहतो, म्हणून त्याचे हात खाटेला बांधण्याची किंवा हातांवर जाड मोजे चढवण्याची प्रथा जपानी रुग्णालयांत सर्रास होती, आणि ती त्याच्याच सुरक्षिततेसाठी आहे, असे प्रामाणिकपणे मानले जात असे. १९९८ साली फुकुओका प्रांतातील दहा रुग्णालयांनी ही प्रथा सोडण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. २००० च्या एप्रिलात दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला तेव्हा वृद्धाश्रमांना आणि शुश्रूषागृहांना अशा बंधनांची मनाई झाली; धोका तातडीचा असेल, दुसरा उपाय नसेल आणि बंधन तात्पुरते असेल, या तिन्ही अटी एकदम पुऱ्या होतील तेवढाच अपवाद ठेवण्यात आला. पुढच्या वर्षी सरकारने काढलेल्या पुस्तिकेत बंधने टाळण्याचा जो मार्ग सांगितला आहे तो किती साधा आहे, पाहा: माणसाला उठवून बसवावे, तोंडाने जेवू द्यावे, वेळेवर शौचास न्यावे, स्वच्छ ठेवावे, आणि दिवसभर काही ना काही हालचाल करू द्यावी. ज्याला आपण वेडेपणाने नळी ओढणारा समजतो तो पुष्कळदा तहानेने, ओल्या कपड्याने किंवा दुखण्याने कासावीस झालेला असतो, हे खाटेजवळ बसून पाहणाऱ्यांनीच प्रथम ओळखले.

न्यायालयाच्या मार्गाने हा प्रश्न सुटला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आइची प्रांतातील एका रुग्णालयाने वृद्ध स्त्रीचे हात बांधल्याबद्दल वरिष्ठ न्यायालयाने दिलेली भरपाई २०१० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, त्या रात्रीची परिस्थिती पाहता कृत्य बेकायदा नव्हते असे म्हणून, रद्द केली. पण २०१६ च्या दरपत्रकाने स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेसाठी रुग्णालयांना जादा गुण देऊ केले आणि ज्या दिवशी रुग्णाला बांधले असेल त्या दिवशी त्यातून ४० टक्के कापावेत, असे ठरवले; २०२४ मध्ये ही कपात ६० टक्क्यांवर गेली.

या पद्धतीला दुसरी बाजू नाही, असे मी म्हणणार नाही. सात रुग्णांमागे एक परिचारिका ठेवणाऱ्या रुग्णालयाला २००६ साली वाढीव दर मिळू लागला, तेव्हा मोठ्या शहरी रुग्णालयांनी परिचारिका ओढून घेतल्या आणि ग्रामीण भागातील लहान रुग्णालये ओस पडू लागली. प्रत्येक गोष्टीचे कागद भरण्यात परिचारिकेचा मौल्यवान वेळ खर्च होतो. ज्या कामाला गुण आहेत ते होते आणि भयभीत रुग्णाचा हात धरून बसण्याला दरपत्रकात रकाना नसल्यामुळे ते मागे पडते, हा आक्षेप तर मला अत्यंत गंभीर वाटतो. तरीही, जेथे शुश्रूषेच्या कोणत्याच अंगाची नोंद नाही, तेथे तो हात धरला जातो की नाही, हेही कोणाला कळण्याचा मार्ग नसतो.

२०२१ च्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला, त्यात वृद्धशुश्रूषेचे क्षेत्र अंतर्भूत आहे. मराठी तरुण-तरुणी या वाटेने तिकडे जातील, पाठ सुटी करण्याची ती कृती शिकतील आणि कदाचित परतही येतील. त्यांनी परतल्यावर हे ज्ञान कोठे वापरावे, याची सोय करणे आपल्या हाती आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून आपले सरकार रुग्णालयांना उपचारांचे पैसे देते, पण त्या ठरलेल्या एकत्रित रकमेत शुश्रूषा गडप होऊन जाते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे परिचर्येच्या पदव्युत्तर विद्यार्थिनींचे प्रबंध येतात. त्यांतले निष्कर्ष योजनेचे दर ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर पोहोचवण्याचा रिवाज पाडणे कठीण नाही. आरंभी योजनेखालील रुग्णालयांनी, दाखल होताना रुग्णाच्या अंगावर व्रण होता काय आणि घरी जाताना आहे काय, एवढीच नोंद करावी. पहिले वर्ष त्या नोंदीबद्दल कोणालाही दंड नसावा, नोंद नसल्याबद्दल मात्र असावा. आणि दुसऱ्या वर्षाचे दर ठरवणाऱ्या समितीत निदान दोन परिचारिका, मतदानाच्या अधिकारासह, बसवाव्यात.