मूळ तबकडी आणि वरचा साज

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम ज्या तबकडीवरून बसवितात, तिच्यांतच रंगरूपाचे नवे नवे संच घालून ठेवण्याची हौस कित्येक तरुणांस असते. विंडोज एक्स्पीच्या काळांत या हौसेस मोठा बहर आला होता. एक्स्पी 2001 सालच्या ऑक्टोबर महिन्यांत बाजारांत आली. तिचा तो निळा साज, ती हिरवी टेकडी व तिच्यावरचें आकाश हीं आमच्या थोरल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें अजून असतील. (टेकडीचें तें चित्र म्हणजे कॅलिफोर्नियांतील सोनोमा परगण्यांत चार्ल्स ओ'रिअर यांनीं 1996 सालीं घेतलेलें छायाचित्र होय, पुष्कळांस तें कोणी रंगविलेलें वाटतें.) निळा, ऑलिव्ह हिरवा व रुपेरी असे तीनच रंग कंपनीनें दिले होते. तेवढ्यावर तरुणांचें समाधान कसें व्हावें?

ही हौस मुळांत वाईट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, जो विद्यार्थी अशी तबकडी स्वतःच्या हातानें सिद्ध करतो, तो संगणकाविषयीं जितकें शिकतो तितकें क्रमिक पुस्तकांतून क्वचितच शिकावयास मिळतें. मूळ तबकडीची नक्कल हार्ड डिस्कवर उतरवावयाची. तिच्यांत ओईएम नांवाचा, दोहों बाजूंस डॉलरचें चिन्ह असलेला फोल्डर करावयाचा. त्यांत योग्य जागीं थीम ठेवल्या म्हणजे सिस्टिम बसतांना त्या आपोआप तिच्यांत जाऊन पडतात. मग सर्व सामग्री 700 मेगाबाइटांत मावते कीं नाहीं हें पाहावयाचें, व सीडी राइट करतांना ती बूट होईल अशी काळजी घ्यावयाची. एनलाइट नांवाच्या प्रोग्रामनें यांतलें पुष्कळसें काम सोपें केलें होतें. येथवर सर्व ठीक.

परंतु कंपनीची डिजिटल सही नसलेली थीम एक्स्पी स्वीकारीत नसे. ही पारख यूएक्सथीम नांवाच्या डीएलएल फायलींत होई; म्हणून मंडळी ती फाईलच बदलीत. बूट होतांनाचें चित्र पालटावयाचें, तर तें सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या फायलींत. 'स्टार्ट' हीं अक्षरें एक्सप्लोररच्या फायलींत. भिंतीस रंग देण्यास निघालेला मनुष्य घराचे वासेच बदलूं लागतो, त्यांतली ही गत! आणि एवढें करून पुढें सर्व्हिस पॅक घातला कीं बदललेली फाईल जाऊन तिच्या जागीं नवी येई, व सारे श्रम वायां जात.

आपल्या एकट्याच्या संगणकावर कोणी असें केलें, तर त्याचें फळ तो एकटा भोगील. तबकडीची गोष्ट निराळी. ती दहा घरीं फिरते, आणि तिच्यांत काय घातलें व तिच्यांतून काय काढलें याची दहाव्या घरीं कोणास वार्ताही नसते.

आमच्या अनुभवांतील एक प्रसंग सांगतों. एक्स्पीच्या दिवसांत एका परिचित गृहस्थांनीं आम्हांस मोठ्या प्रेमानें अशी एक तबकडी दिली. व्हिस्टासारखा कांचेचा साज, नवे आयकॉन, नवे आवाज. आम्हीही भुललों, व संगणकवर्गांतील सगळीं यंत्रें तिच्यावरूनच सिद्ध केलीं. चार दिवस मुलें खूष होतीं. पांचव्या दिवशीं एक मुलगी मराठी निबंध टंकावयास बसली, तों पडद्यावर अक्षरांऐवजीं रिकामे चौकोन! इंग्रजी एक्स्पींत देवनागरी आपोआप चालू होत नसे. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्यें जाऊन एक खूण करावी लागे, आणि मग संगणक मूळ तबकडी मागे. आम्हीं खूण केली, तबकडी घातली; पण हवी ती फाईल तिच्यांत नव्हतीच. साज मावावा म्हणून त्या गृहस्थांनीं परभाषांचा लँग हा फोल्डर निरुपयोगी समजून गाळला होता. मराठी घरांतील मनुष्यास मराठीच परभाषा वाटावी! आणि या फायलींना यंत्रावर जागा लागे ती सुमारें 10 मेगाबाइट. त्या मुलीनें कांहीं न बोलतां वही उघडली व निबंध हातानें लिहून काढला. त्या गृहस्थांचा हेतु चांगला होता. न तपासतां ती तबकडी सगळ्या यंत्रांवर चालविली, हा दोष आमचाच.

तेव्हां आमचें मत असें आहे, कीं दुसऱ्याच्या हातीं जावयाच्या तबकडींत साज खुशाल घालावा, पण तो मूळ फायलींच्या शेजारीं असावा, त्यांच्या जागीं नसावा. आणि साजासाठीं कांहींही गाळूं नये. 2009 सालच्या विंडोज 7 मध्यें थीमपॅक नांवाची फाईल आली. तिच्यांत चित्रें, रंग व आवाज एकत्र बांधलेले असतात, आणि सिस्टिमच्या एकाही फायलीस हात लावावा लागत नाहीं. तबकडींत काय अधिक घातलें याची यादी तिच्यांतच लिहून ठेवण्यास पांच मिनिटेंही लागत नाहींत. शिवाय विंडोजची बदललेली तबकडी करून ती वांटीत सुटणें परवान्यास धरून नाहीं, हें मुलांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. ज्यांस वांटावयाचीच हौस आहे त्यांनीं डेबियनसारखी लिनक्स घ्यावी. तिच्यांतील प्रोग्राम बदलून वांटण्याची मोकळीक त्यांच्या परवान्यांतच दिलेली आहे.

एक्स्पीचा आधार कंपनीनें 8 एप्रिल 2014 रोजीं काढून घेतला, आणि तबकडीची जागा आतां पेनड्राइव्हनें घेतली आहे. हौस मात्र तीच. यंदा वरच्या वर्गांतील दोन मुलांनीं डेबियनची स्वतःच्या रंगरूपाची एक प्रत केली आहे. शाळेच्या इमारतीचें चित्र तिच्यांत त्यांनीं सुरेख बसविलें आहे. आम्हीं ती प्रथम वर्गांतील एकाच जुन्या यंत्रावर बसविली, आणि चित्राकडे पाहण्याआधीं मराठींत एक पानभर मजकूर लिहून पाहिला. अक्षरें सर्व उमटलीं, जोडाक्षरेंही.