पाहुण्यांनो, यजमानालाही नाताळ असतो

गेल्या नाताळानंतर आमच्याकडे एक पत्र आले. पत्र लिहिणारे गृहस्थ आमच्याच धर्मग्रामातील, वयाने ज्येष्ठ आणि नेमाने मिस्साला येणारे आहेत. त्यांची तक्रार त्यांच्या पुतण्याच्या पत्नीविषयी होती. ती माणूसघाणी आहे, तिने ऐन नाताळात घराला कुलूप लावून सोयऱ्याधायऱ्यांचा अपमान केला, तरी धर्मगुरू या नात्याने आम्ही तिला समज द्यावी, अशी त्यांची विनंती होती. समज देण्यापूर्वी दुसरी बाजू ऐकावी म्हणून आम्ही त्या जोडप्याला भेटलो. आता समज द्यावयाची आहे हे खरे, पण ती त्या मुलीला नव्हे. नावे न घेता आम्ही ती येथे जाहीरपणे देत आहोत, कारण हा प्रश्न एका घरापुरता उरलेला नाही.

हे जोडपे नोकरीनिमित्त जुन्नर तालुक्यात बिऱ्हाड करून राहते. तो एका कारखान्याच्या कचेरीत काम करतो, ती रुग्णालयात परिचारिका आहे. घर दोन खोल्यांचे आणि भाड्याचे. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला वसईहून, मुंबईहून आणि पुण्याहून मंडळी आली. २३ डिसेंबरला येणे सुरू झाले ते १ जानेवारीला संपले. मध्यंतरी एका रात्री त्या दोन खोल्यांत चौदा माणसे झोपली. एके दिवशी शिवनेरी, दुसऱ्या दिवशी लेण्याद्री आणि ओझर, मग नाणेघाट, मग आंबेगाव तालुक्यात शिरून थेट भीमाशंकर, असा सगळा बेत पाहुण्यांनी घरूनच आखून आणला होता. त्या बेतात यजमानीण कोठे बसते, हे मात्र कोणीच पाहिले नव्हते. पाहुण्यांना सुट्टी होती. रुग्णालयाला सुट्टी नसते. ती रात्रपाळी करून सकाळी घरी येई आणि तशीच चुलीपुढे उभी राही. पाण्याची टाकी दुपारीच रिकामी होई.

यातले पुष्कळसे आम्ही हसून सोडून दिले असते. एक गोष्ट मात्र आम्हांला सोडवेना. ख्रिस्तजन्माच्या रात्री मिस्साला जाण्यासाठी बरेच अंतर तोडावे लागणार होते. दारात पाहुण्यांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. परंतु पहाटे सहलीला निघावयाचे म्हणून चालकांना झोप हवी होती आणि सर्वांना सकाळच्या न्याहारीचे डबे हवे होते. सासरी आलेल्या त्या मुलीने आपल्या पहिल्या नाताळच्या रात्री मिस्सा चुकवून पुऱ्या तळल्या, आणि त्या खाणारे सगळे बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती होते! त्या आठवड्याचा खर्च भागविण्यासाठी पतसंस्थेतून घेतलेले कर्ज उपवासकाळ आला तरी फिटत होते. तिचा नवराही येथे निर्दोष नाही. चुलत्यांसमोर तोंड कसे उघडावे, या संकोचाने तो गप्प राहिला.

दुसऱ्या वर्षी त्यांनी कुलूप लावले आणि दोघे चार दिवस परगावी निघून गेले. नातेवाइकांना ते कुलूप दिसले. पण शेजारच्या शेतकरी घरातील आजी हुरड्याची पुरचुंडी घेऊन नाताळच्या सकाळी आल्या आणि त्याही कुलूप पाहून परतल्या. या आजीच पहिल्या वर्षी न मागता दोन हंडे पाणी देऊन गेल्या होत्या. ज्यांच्यासाठी दार उघडे हवे होते त्यांच्यावरही ते बंद झाले. आमचे खरे दुःख हे आहे.

आता कोणी म्हणेल, ‘पूर्वी आमच्या घरी वीस-वीस पाहुणे राहत, तेव्हा कोणी कुरकुरले नाही.’ पूर्वी घरात चार जावा होत्या, परसात विहीर होती, कणगीत स्वतःचा भात होता. पाहुणी आलेली आत्याही पदर खोचून पाट्याशी बसे आणि करंज्या भरू लागे. आज घर दोन खोल्यांचे, नोकऱ्या दोघांना आणि पाहुणा पाय पसरून बसलेला. जुन्या काळातले फक्त पाहुण्याचे सुख तेवढे उचलावे आणि त्याची कामे तेथेच टाकून यावीत, ही कोणती परंपरा?

‘पाहुण्यात प्रभू पाहावा ही तर ख्रिस्तसभेचीच शिकवण,’ असेही आम्हांला ऐकविले जाते. ती शिकवण आहेच. पण ती पुरती वाचावी. आरंभीच्या ख्रिस्तसभेतील ‘दिदाखे’ या लहानशा ग्रंथात वाटसरूला आश्रय द्यावा असे सांगितले आहे, आणि त्याने गरज असल्यास दोन किंवा तीन दिवसच राहावे, त्याहून अधिक राहावयाचे असेल तर कामाला लागावे, असेही तेथेच सांगितले आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी नियम लिहिले. त्यांच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात प्रत्येक पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताप्रमाणे करावे अशी आज्ञा आहे. त्याच प्रकरणात पाहुण्यांच्या स्वयंपाकघरासाठी स्वतंत्र बंधू नेमावेत आणि गरज पडेल तेव्हा त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, अशीही तजवीज आहे. सेवा करणाऱ्याची दमणूक त्या संताला दिसली. आम्हांला ती आपल्याच सुनेच्या तोंडावर दिसू नये?

आणि पवित्र मरिया? लूककृत शुभवर्तमान सांगते की ती डोंगराळ प्रदेशात अलिशिबेच्या घरी सुमारे तीन महिने राहिली. कोणाच्याही यादीतील पाहुणा इतके दिवस राहिला नसेल! पण अलिशिबा उतारवयात गरोदर होती, आणि मरिया तिच्या मदतीला धावली, असेच ख्रिस्तसभा परंपरेने मानत आली आहे. तीन महिने राहूनही यजमानिणीचा भार हलका करणारा पाहुणा तीन वर्षे राहिला तरी चालेल.

ज्या भूमीत हा प्रकार घडला तिला पाहुणा नवा नाही. सोपारा आणि कल्याण या बंदरांकडून नाणेघाट चढून जुन्नरला येण्याची वाट सातवाहनकाळापासूनची आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांच्या, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी मुळाच्या लोकांच्या दानाचे शिलालेख आहेत. ईरिल नावाच्या यवनाने तेथे पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. परक्या मुळाची ही माणसे दुसऱ्यांसाठी पाण्याची आणि जेवणाची सोय करून गेली, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही त्यांची नावे दगडावर उरली. त्याच सोपाऱ्याच्या परिसरातून गेलेले आमचे वसईकर पाहुणे मात्र जुन्नरच्या एका घरातली टाकी रिकामी करून आले.

आजही जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतील मुंबईचे डबेवाले गावच्या जत्रेसाठी वसंतात काही दिवस डबे बंद ठेवून घरी जातात. जत्रेला गेलेला मुंबईकर वर्गणी देतो, पालखीला खांदा देतो, पंगतीत वाढतो. तो आपल्याच घरी जातो, हे खरे. पण पुतण्याच्या घराला आपले घर म्हणणाऱ्याने तेथे आपल्या घरासारखे राबावयासही नको काय?

तरुण मंडळींनाही आमचे दोन शब्द आहेत. कुलूप हे उत्तर नव्हे. ज्या सणात धर्मशाळेत जागा न मिळालेल्या जोडप्याचे आपण स्मरण करतो, त्या सणात दार बंद करणे शोभत नाही. दार उघडे ठेवा, पण तोंडही उघडा. किती माणसांना, किती दिवस ठेवता येईल, हे नवऱ्याने स्वतः, आधी आणि स्पष्ट सांगावे; तो वाईटपणा बायकोच्या माथी मारू नये.

पाहुण्यांसाठी आमचे म्हणणे थोडके आहे. विचारल्यावाचून जाऊ नये. दोन-तीन रात्रींहून अधिक राहू नये. किराण्याचा भार वाटून घ्यावा. पुरुषांनी भांडी घासावीत. त्याने कोणाचा मान गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. ख्रिस्तजन्माच्या मिस्साला निघताना गाडीतली पहिली जागा यजमानिणीला द्यावी. आणि नाताळनंतर पवित्र कुटुंबाचा सण येतो, त्या दिवशी तरी एका नव्या कुटुंबाला निवांत बसू द्यावे.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना आमचे उत्तर एवढेच. येत्या नाताळाला आपण पुतण्याकडे अवश्य जावे. मात्र आधी फोन करून त्या मुलीची पाळी कधी आहे ते विचारावे, करंज्यांचा डबा आपल्या घरून न्यावा, आणि त्या रात्री तिला मिस्साला घेऊन जावे. शेजारच्या आजींनाही चार करंज्या द्यावयास विसरू नये.