विश्लेषण : बांधकामाची धूळ पत्र्याच्या आत किती घातक?

कांदिवलीत जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. बांधकामांची धूळ रोखण्यासाठी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमावली काढली. उंच पत्रे, ओले कापड, पाण्याची फवारणी आणि कामगारांना मास्क बंधनकारक झाले. पत्र्याबाहेरच्या रहिवाशांना त्याचा फायदा होतो. मात्र आत ब्रेकर किंवा कटर चालवणाऱ्याच्या नाकाजवळ किती धूळ आहे, हे कोण मोजते?

सिलिका म्हणजे काय?

वाळू, ग्रॅनाइट आणि काँक्रीटमध्ये स्फटिकरूप सिलिका असते. फरशी कापताना किंवा भिंत फोडताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात. ते फुप्फुसात खोलवर जाऊन व्रण तयार करतात. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. क्षयरोगाचा धोका वाढतो आणि अनेकदा क्षयरोग समजूनच उपचार होत राहतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचाही धोका असतो.

मर्यादा किती?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत यासाठी सूत्र होते : १० भागिले (धुळीतील क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). धूळ पूर्णपणे क्वार्ट्झची असेल, तर मर्यादा घनमीटरमागे सुमारे १०० मायक्रोग्रॅम येते. अमेरिकेने २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी ती ५० केली, म्हणजे निम्मी. शिवाय आपले सूत्र कारखान्यांसाठी होते. इमारतीचे काम त्यात बसत नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत.

मोजमापाशिवाय बचाव शक्य आहे?

छोट्या ठेकेदाराकडे धूळ मोजण्याचे यंत्र नसते. अमेरिकेच्या बांधकाम नियमात त्यावर उपाय आहे. कोणत्या अवजाराला पाण्याची धार हवी, कोणत्याला धूळ खेचणारा व्हॅक्यूम हवा आणि कधी मास्क लागेल, याचा तक्ता दिला आहे. तो पूर्णपणे पाळला, तर मोजमाप करावे लागत नाही. धूळ उडण्याआधीच थांबवणे हे त्यामागचे सूत्र. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. एन-९५ मास्कही चेहऱ्यावर घट्ट बसला तरच उपयोगी.

खरी अडचण कुठे?

सिलिकोसिस बहुधा दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतो. तोवर नाक्यावरच्या कामगाराने कितीतरी साइट आणि मुकादम बदललेले असतात. आजार कोणत्या कामाने झाला, हे सिद्ध करायला त्याच्याकडे कागद नसतो. म्हणून कटरला पाण्याची नळी आहे का, हे साइटवरच तपासणे महत्त्वाचे. पत्र्याची उंची रस्त्यावरून दिसते, नळी पाहायला आत जावे लागते.