व्होल्टेज पडते? पडू द्या!

संगणक स्वतः जोडणारी आपली तरुण मंडळी एका भीतीने पछाडलेली आहेत. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग वाढवायचा, कोअर व्होल्टेज १.३५ ठरवायचे, मग एखादी जड चाचणी लावायची आणि पडद्यावर १.१९ दिसले की हात-पाय गाळायचे. "व्होल्टेज पडतंय!" मग कोणीतरी जाणकार भेटतोच. तो सांगतो, लोड-लाइन कॅलिब्रेशन शेवटच्या पायरीवर टाक, पॉवर लिमिट काढून टाक, सगळं सरळ होईल. आकडा सरळ होतो, हे खरे. पण हा सल्ला घातक आहे, आणि तो ज्यांनी रूढ केला त्यांनी गरीब-मध्यमवर्गीय मुलांच्या कष्टाच्या पैशाचे नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते हवेतले नाही. हकीकत मांडतो, मग तुम्हीच ठरवा.

आधी व्होल्टेज पडते म्हणजे काय होते ते पाहू. शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे पुरेसा आहे. मदरबोर्डवरचा वीजपुरवठा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये मुद्दाम एक छोटासा रोध गृहीत धरलेला असतो. त्यालाच लोड-लाइन म्हणतात. इंटेलच्या अलीकडच्या मोठ्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ही लोड-लाइन १.१ मिलीओहम आहे. प्रोसेसर पूर्ण जोरात असताना १५० अँपिअर प्रवाह ओढत असेल, तर गुणाकार करा: ०.१६५ व्होल्ट. १.३५ मधून ते वजा केले की उरतात १.१८५. म्हणजे पडद्यावर १.१९ दिसणे हा बिघाड नाही. हिशेब बरोबर आल्याची ती पावती आहे.

पण असा रोध मुद्दाम का ठेवायचा? इथेच खरी मेख आहे. प्रोसेसरचे काम संथ नदीसारखे चालत नाही. एका क्षणी तो दहा अँपिअरवर निवांत असतो, दुसऱ्या क्षणी दीडशेवर उडी मारतो आणि तितक्याच झटक्यात खाली येतो. हे सेकंदाच्या लाखाव्या भागात घडते. जोर अचानक सुटला की वीजपुरवठ्याला लगेच आवरता येत नाही, आणि व्होल्टेज क्षणभर वर उसळते. लोड-लाइन असेल तर ही उसळी १.१९ वरून सुरू होते आणि ठरवलेल्या १.३५ च्या आसपासच विरते. लोड-लाइन सपाट केली, तर उसळी १.३५ वरूनच सुरू होते आणि त्याच्या बरीच वर जाते. तुम्ही १.३५ ठरवलेत, प्रोसेसरला मात्र दर झटक्यात त्याहून जास्त बसते आहे. आणि हे तुम्हाला दिसत नाही! पडद्यावरचे सॉफ्टवेअर एक-दोन सेकंदांनी एकदा आकडा वाचते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. ही उसळी पाहायला ऑसिलोस्कोप लागतो, आणि तो सल्ला देणाऱ्या जाणकाराच्या घरी नसतो.

म्हणजे डोळ्यांना दिसणारे निरुपद्रवी पडणे बंद करण्यासाठी न दिसणारे घातक चढणे विकत घ्यायचे. याला दुरुस्ती म्हणायचे?

माझा भाचा लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. मशीन रात्रभर रेंडरिंगला लावून झोपतो आणि सकाळी उठून पाहतो तर काम अर्धवट, मशीन पुन्हा चालू झालेले. मला म्हणाला, "मामू, दुकानदार म्हणतो घरची लाइट डाऊन आहे, स्टॅबिलायझर घ्या." मी त्याला विचारले, "अरे, तुझा एसएमपीएस किती व्होल्टवर चालतो ते त्याच्या अंगावर लिहिलंय, वाचलंस का?" लिहिले होते १०० ते २४०. आपल्याकडची २३० ची लाइन १९० वर आली तरी असा एसएमपीएस आतमध्ये १२ व्होल्ट बनवून देतो, आणि त्या १२ मधून मदरबोर्ड प्रोसेसरचे सव्वा व्होल्ट बनवतो. भिंतीवरच्या सॉकेटचा आणि कोअर व्होल्टेजचा असा थेट संबंध नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्या दुकानदाराने स्टॅबिलायझर विकायचा प्रयत्न केला, पण बायोस उघडून पाहिले नाही. मी उघडले. पॉवर लिमिटच्या रकान्यात चार हजार वॅटच्या पुढचा आकडा होता.

हा आकडा जरा डोळ्यांसमोर आणा. घरातला गीझर दोन हजार वॅटचा असतो. १६ अँपिअरचा जाड सॉकेट २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ३६८० वॅट देऊ शकतो. आणि तळहातावर मावणाऱ्या चिपला मदरबोर्ड सांगतो, तुला चार हजार वॅटपर्यंत मुभा आहे. म्हणजे मर्यादाच नाही. भाच्याने हे केले नव्हते, दुकानदारानेही बहुधा केले नव्हते. बोर्ड कारखान्यातूनच तसा आला होता.

माझा खरा झगडा इथे आहे. मुलांशी नाही, हौसेशीही नाही. मदरबोर्डच्या बाजारात सगळे बोर्ड त्याच चिपा चालवतात. मग माझा बोर्ड शेजाऱ्याच्या बोर्डापेक्षा चांगला हे दाखवायचे कसे? बेंचमार्कमध्ये दोन टक्के जास्त गुण आणून. त्यासाठी ग्राहकाला न विचारता मर्यादा काढून टाकायच्या आणि त्यालाच 'ऑटो' किंवा 'डिफॉल्ट' असे साळसूद नाव द्यायचे. वर्षानुवर्षे हे चालले. चिप बनवणाऱ्यांनाही ते चालले, कारण चाचण्यांमध्ये चिपही त्यामुळे उजळून दिसत होती.

याची किंमत काय मोजावी लागली ते जगाने पाहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलचा कोअर आय९-१३९००के आला, कमाल वेग ५.८ गिगाहर्ट्झ. वर्षभराने १४९००के आला, ६ गिगाहर्ट्झ. अधिकृत कमाल पॉवर २५३ वॅट. काही महिन्यांनी लोकांचे गेम बंद पडू लागले, आणि पडद्यावर संदेश काय, तर व्हिडिओ मेमरी संपली! लोकांनी ग्राफिक्स कार्डे बदलली, ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी. दोष कार्डात नव्हताच, प्रोसेसर हिशेब चुकवत होता. २०२४ मध्ये इंटेलने आधी मदरबोर्डांच्या मोकाट सेटिंगकडे बोट दाखवले. जुलैत कबूल केले की त्यांचा स्वतःचा मायक्रोकोडच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ही मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाऊ न देणारा मायक्रोकोड आला. सप्टेंबरमध्ये पूर्ण कारण सांगितले गेले: जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानामुळे कोअरच्या आतले घड्याळ-संकेत वाहणारे सर्किट अकाली म्हातारे होते आणि चिपला चालायला लागणारे किमान व्होल्टेज वाढत जाते. कारणांच्या यादीत मदरबोर्डच्या मर्यादाबाह्य सेटिंगचे नावही होते. जी चिप एकदा अशी म्हातारी झाली, ती नव्या मायक्रोकोडने तरुण होत नाही. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे करावी लागली, ती उगीच नाही.

एएमडीवाल्यांनी हसायचे कारण नाही. एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डी जळाल्याची, सॉकेटसकट फुगल्याची छायाचित्रे आली. मेमरीचे वेगवान प्रोफाइल चालू केले की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज गुपचूप चढवत होते. नंतर त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. कंपनी दुसरी, दुखणे तेच.

आता थ्रॉटलिंगकडे येतो. प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो, याला लोक 'दगा' समजतात. मी त्याला चिपची जबान म्हणतो. ती काहीतरी सांगते आहे, आणि आपण तिचे तोंड दाबायला धावतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग कशामुळे कमी झाला ते स्पष्ट 'हो-नाही'त लिहिलेले असते. तापमान की पॉवर की प्रवाह, हे न वाचताच उपाय करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

तापमानाचे घ्या. या इंटेल चिपा १०० अंशांवर स्वतःला आवरतात. ज्या चाचण्या पाहून आपण कूलर विकत घेतो त्या बहुधा वातानुकूलित खोलीत होतात, बावीस-पंचवीस अंशांत. नांदेड किंवा नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत ३८ असतात. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ते तेरा-चौदा अंश जवळजवळ जसेच्या तसे चिपच्या तापमानात मिळतात. परदेशातल्या चाचणीत ८८ वर थांबलेला प्रोसेसर आपल्याकडे १०० ला टेकला, तर कूलर खोटा नाही, हिशेब अर्धा आहे. आणि अशा वेळी व्होल्टेज वाढवणाऱ्याला काय म्हणावे? एकाच वेगावर पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ चे १.४ केले की ३६ टक्के जास्त उष्णता. चिप आणखी तापते, आणखी वेग सोडते, आणि बेंचमार्कचे गुण पहिल्यापेक्षा खाली येतात.

एक गोष्ट मात्र फार कमी जण पाहतात. जुना, वरून खाली हवा मारणारा कूलर काढून झकास लिक्विड कूलर लावला जातो. प्रोसेसर थंड होतो, पण त्या जुन्या पंख्याची झुळूक सॉकेटच्या कडेच्या मॉस्फेटांवरूनही जात होती, ती बंद होते. स्वस्त बोर्डावर तिथे हीटसिंक नावापुरता असतो किंवा नसतोच. मग चिप ७० अंशांवर असूनही वेग कोसळतो, कारण वीजपुरवठाच तापून हात वर करतो. उपाय काय, तर कॅबिनेटमध्ये त्या बाजूला हवा जाईल असा साधा पंखा! कित्येकांनी याऐवजी नवा बोर्ड घेतला आहे.

रायझनमध्ये आणखी एक प्रकार होतो. व्होल्टेज खूपच कमी केले की पडद्यावरचा वेग तसाच दिसतो, पण चिप आतल्या आत घड्याळाचे ठोके ताणते. खरा वेग 'इफेक्टिव्ह क्लॉक' या ओळीत पाहायचा, मोठ्या अक्षरांतल्या आकड्यात नाही.

माझ्यावर आक्षेप येईल की प्रत्येक पडणे निरोगी कसे असेल? नसते. १२ व्होल्टची ओळ जोरावर ११.४ च्या खाली जात असेल, तर एसएमपीएस मानकाबाहेर गेला, तो बदला. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला आठ पिनांचा प्लग अर्धवट बसला असेल, त्याचे प्लास्टिक पिवळे पडले असेल, तर तो खरा दोष. बोर्ड व्होल्टेज कुठून मोजतो हेही पाहा. सॉकेटजवळ मोजणारा बोर्ड आणि थेट चिपच्या आतून मोजणारा बोर्ड एकाच स्थितीत वेगळे आकडे दाखवतात, म्हणून मित्राच्या आकड्याशी आपला आकडा ताडू नये. आणि हे सगळे ठीक असूनही जोरावर मशीन बंद पडत असेल, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या चुका दिसत असतील, तर त्या वेगाला तेवढे व्होल्टेज पुरत नाही, इतकाच अर्थ. आधी वेग शंभर मेगाहर्ट्झने उतरवा. ते मनाला पटतच नसेल तर लोड-लाइन मधल्या पायरीवर ठेवून मूळ व्होल्टेज थोडेसे चढवा. शेवटची पायरी सोडा.

दुसरा आक्षेप: वस्तू आमची, पैसा आमचा, तुम्ही कोण सांगणारे? वस्तू तुमचीच. १९९८ मध्ये ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए घेऊन लोक ६६ चा बस १०० वर नेत आणि ४५० मिळवत, दीडपट! ती गरिबाची हुशारी होती. महाग चिपेचे काम स्वस्त चिपेकडून करून घेणे होते, आणि मी तिचा चाहता आहे. पण तेव्हा कंपनी चिपेत जागा शिल्लक ठेवत असे. आता ६ गिगाहर्ट्झ कंपनीनेच पिळून बाहेर काढलेले असतात. उरलेल्या दोन-चार टक्क्यांसाठी चिपेचे आयुष्य लावायचे आणि त्यालाही हुशारी म्हणायचे? शिवाय ओव्हरक्लॉकिंगची वॉरंटी देणारी स्वतंत्र योजना इंटेल पूर्वी पैसे घेऊन विकत असे, ती २०२१ मध्ये बंद केली. कुलूप नसलेली चिप जास्त पैशाला विकायची, आणि ते कुलूप नसणे वापरले की जबाबदारी तुमची.

भाच्याचा बायोस नवा केला, पॉवर लिमिट २५३ वर आणली, लोड-लाइन इंटेलच्या मूळ सेटिंगवर ठेवली. रेंडरिंगला आता काही मिनिटे जास्त लागतात, पण ते पूर्ण होते. हे त्याच्या दुकानदाराला सांगितले, तर तो म्हणाला, "गिऱ्हाईक गुण बघून घेतं." असेल. म्हणून गिऱ्हाइकानेच बदलावे. पुढचे मशीन घ्याल तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच ते चालू करायला लावा, बायोस उघडायला सांगा आणि पॉवर लिमिटचा रकाना दाखवा म्हणावे. तिथे चार हजार दिसले तर चिपेचा अधिकृत आकडा तुमच्यासमोर टाकून घ्या, बायोसची तारीख विचारा, आणि प्रोसेसरचे खोके बिलासकट घरी न्या. बरेच दुकानदार ते खोके ठेवून घेतात, आणि वॉरंटीसाठी लागणारा क्रमांक त्याच्यावरच असतो.