‘बोगस’ म्हणजे नेमके काय, साहेब?

लोह्याच्या मोंढ्यातले आपले एक जुने वर्गणीदार, कीटकनाशकांचे विक्रेते, गेल्या पंधरवड्यात स्पीड पोस्टाचे एक पाकीट घेऊन आमच्या टेबलाशी येऊन बसले. चहा आला, निवला, त्यांनी कपाला हात लावला नाही. पाकिटातून तीन कागद निघाले. पहिला त्यांच्या दुकानातल्या नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल, इंग्रजीत. दुसरी कृषी कार्यालयाची नोटीस, मराठीत. तिसरा त्यांनी स्वतः दिलेल्या खुलाशाची कार्बन प्रत, वहीच्या पानावर.

अहवालाच्या शेवटच्या ओळीत शब्द होता ‘मिसब्रँडेड’. नोटिशीत उतरताना त्याचा ‘बनावट’ झाला. आणि आठवडाभरात एका दैनिकाच्या तालुका पानावर तोच ‘बोगस’ होऊन छापला गेला. मूळ गोष्ट एवढीच, की सक्रिय घटक लेबलावर लिहिला होता त्याहून कमी भरला. बाटली सीलबंद, बिल पक्के, बॅच नंबर साठा रजिस्टरशी जुळणारा. पण संध्याकाळी कंधारहून सोयऱ्यांचा फोन: “पाव्हणे, पेपरात आलंय ते तुमचंच दुकान हाय का?”

अहवाल, नोटीस, बातमी: तीन शब्द, आणि तिन्हींचे अर्थ तीन दिशांना.

‘बोगस’ हा शब्द आपल्या खते-बियाणे-कीटकनाशके विक्रीच्या धंद्याला लागू असलेल्या एकाही कायद्यात नाही. १९६८ चा कीटकनाशके कायदा उघडा, १९६६ चा बियाणे कायदा उघडा, १९८५ चा खत नियंत्रण आदेश उघडा. तिथे शब्द आहेत ते निराळे, आणि प्रत्येकाला आपापले वजन आहे. विहित प्रमाणाचे नसलेले खत वेगळे, भेसळीचे वेगळे, दुसऱ्याची नक्कल वेगळी, आणि जे मुळात खतच नाही ते खत म्हणून विकणे वेगळे. पहिल्यात कारखान्यातले मिश्रण चुकले असेल, गोणीला ओल लागली असेल. शेवटच्यात कोणीतरी रात्री बसून पोत्यात रंगवलेली माती भरलेली असते. या दोघांना एकाच शब्दाने हाक मारणाऱ्या माणसाला एक तर भाषा कळत नाही, किंवा त्याला फरक ठेवायचा नाही.

कीटकनाशकांचा कायदा मात्र आपल्याशी थोडा खोडसाळ वागतो, हेही सांगायला हवे. त्यातल्या ‘मिसब्रँडेड’चे पोट फार मोठे आहे. लेबलावरचे विधान खोटे किंवा दिशाभूल करणारे, तर मिसब्रँडेड. दुसऱ्याच्या मालाची नक्कल, तर मिसब्रँडेड. आवश्यक इशारा छापला नाही, किंवा छापला पण ठळक दिसत नाही, तरी मिसब्रँडेड. नोंदणीच नाही, तरीही तेच. छापखान्यातल्या हलगर्जीपणापासून परप्रांतातल्या गोदामात भरलेल्या चोरट्या बाटलीपर्यंत सगळा गोतावळा एका छपराखाली. तुमच्या शेजारच्या मेडिकलवाल्याकडे पाहा. १९४० च्या औषध कायद्यात १९८२ साली दुरुस्ती झाली आणि त्याला तीन वेगवेगळी कलमे मिळाली: १७ मध्ये मिसब्रँडेड, १७ ए मध्ये भेसळीचे, १७ बी मध्ये ‘स्प्यूरिअस’, म्हणजे खरेखुरे बनावट. त्याच्या दुकानात गोळीच्या पट्टीवरचा मजकूर चुकला तर त्याला कोणी नकली औषधाचा व्यापारी म्हणत नाही. आपल्याला म्हणतात, कारण आपल्या कायद्याने वेगळी खोली बांधलीच नाही. मग भाषांतर करणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. त्याने अहवालातला आकडा वाचावा आणि नोटिशीत सरळ लिहावे, ‘लेबलावरील प्रमाणापेक्षा सक्रिय घटक कमी’. इतके लिहायला किती शाई लागते? पण कार्यालयात जुन्या नोटिशीचा नमुना संगणकात पडलेला असतो. नाव आणि बॅच नंबर बदलला की काम झाले. कोणाच्या तरी जुन्या, खऱ्या बनावट प्रकरणातला शब्द मग सगळ्यांच्या कपाळी येतो.

दुसऱ्या टोकाचीही एक गंमत बघा. मंजुरी नसलेल्या एचटीबीटी कपाशीचे पाकीट पकडले की बातमी ‘बोगस बियाणे जप्त’. ते बेकायदा आहे, विकणाऱ्याची गय करू नये, आणि आपल्यातला जो कोणी ते काउंटरखालून देतो त्याने आमच्याकडे मदतीला येऊ नये. पण बेकायदा म्हणजे बनावट नव्हे. शेतकरी ते जास्त पैसे मोजून नेतो तो आत तणनाशक सोसण्याचा गुण आहे म्हणूनच.

२०२३ च्या नोव्हेंबरात २ ते ४ तारखेला आपण राज्यभर शटर खाली ओढले, ते आठवत असेल. पाच विधेयके आली होती, आणि त्यातले एक आपल्याला एमपीडीएखाली, म्हणजे स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, वाळूतस्कर आणि हातभट्टीवाल्यांच्या रांगेत उभे करणारे होते. त्या विधेयकांत अप्रमाणित, भेसळयुक्त आणि मिसब्रँडेड हे तिन्ही शब्द एका दमात आले होते. आपण घोषणा दिल्या, निवेदने दिली. पण या तिन्हींत फरक काय आणि त्यातल्या कोणत्या दोषाला विक्रेता जबाबदार असूच शकत नाही, हे किती निवेदनांत लिहिले होते? आमच्या हाती आलेल्या बहुतेक निवेदनांत ‘जाचक’ हा शब्द चारदा होता आणि कलमाचा आकडा एकदाही नव्हता.

आता तो तिसरा कागद. खरे दुखणे तिथे आहे.

खुलाशात दोनच वाक्ये होती. ‘सदर औषधाच्या दर्जाबद्दल मला काहीही माहीत नव्हते. झाल्या चुकीबद्दल माफी असावी.’ माणूस सरळ, वाक्ये सरळ. पण कीटकनाशके कायद्याचे कलम ३० काढून शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. त्या कलमाचा पहिलाच भाग सांगतो, की मालाचा दर्जा माहीत नव्हता हा बचाव होऊ शकत नाही. आपल्या मित्राने नेमके तेच वाक्य, सही-शिक्क्यासह, लिहून दिले होते. त्याच कलमाच्या तिसऱ्या भागात मात्र विक्रेत्याला वाट आहे. माल परवानाधारकाकडून घेतला. दोष माहीत नव्हता आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता. माल नीट साठवला आणि आला तशाच स्थितीत राहिला. हे तुम्ही सिद्ध केले तर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. ‘माहीत नव्हते’ आणि ‘कळणे शक्यच नव्हते’ यांत बोलताना आपण फरक करत नाही. कायदा करतो, आणि त्या फटीत परवाना अडकतो. सीलबंद बाटलीतला सक्रिय घटक काउंटरवर कोण मोजणार? हे एक वाक्य त्या खुलाशात हवे होते. आणि माफी कशाची? चूक झाली असे आपणच लिहून दिल्यावर पुढचे सगळे सोपे होते, त्यांच्यासाठी.

याहून घातक गल्लत पुढे आहे. नोटिशीने मागितला होता ‘खुलासा’, सात दिवसांत. आपल्या मित्राला वाटले, खुलासा दिला, प्रकरण आपल्याकडून मिटले. पण खुलासा म्हणजे ‘एक्स्प्लनेशन’. कलम २४ ज्याबद्दल बोलते ते ‘कॉन्ट्रोव्हर्शन’, म्हणजे अहवालच मान्य नाही आणि त्याविरुद्ध पुरावा देणार आहे, असे निरीक्षकाला किंवा न्यायालयाला लेखी कळवणे. त्यासाठी अहवालाची प्रत हाती पडल्यापासून २८ दिवस मिळतात. ते न कळवल्यास अहवालातली तथ्ये ‘कन्क्लूझिव्ह’ पुरावा ठरतात, म्हणजे त्यावर पुढे वाद नाही. कळवले तर नमुना केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळेकडे जाण्याची वाट उघडी राहते. खुलासा अधिकाऱ्याची समजूत घालतो, आक्षेप अहवालाला आव्हान देतो. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या मुदती. आणि ज्या नोटिशीबरोबर अहवाल पाठवला, तिच्यात २८ दिवसांचा उल्लेख कुठेच नाही. विचारायला गेल्यावर टेबलावरच्या माणसाने अहवालावरची तारीख बोटाने मोजली आणि सांगितले, “मुदत संपली.”

या कारभाराला आम्ही मुद्दाम केलेला अन्याय म्हणत नाही; तेवढे कष्ट तिथे कोणी घेत नाही.

पण आपल्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. कलम ३० ची ती वाट रजिस्टर भरणाऱ्यासाठी आहे. ‘नीट साठवला’ हे मे महिन्यात तापल्या पत्र्याखाली, खिडकीशी रचलेल्या खोक्यांबद्दल कसे म्हणणार? बिलावर बॅच नंबर न लिहिणारे, कंपनीचे उगम प्रमाणपत्र परवान्यात चढवायला दोन-दोन हंगाम लावणारे, शेजारच्या दुकानातून उसनवारीवर पेटी आणून विकणारे आपल्यात कमी नाहीत. ‘देशी’चा, म्हणजे विक्रेत्यांसाठीचा, सालभराचा अभ्यासक्रम केला, प्रमाणपत्र भिंतीवर लावले, काचेवर धूळ बसली. त्यात कायद्याचे जे शिकवले ते कोणी वहीत उतरवून ठेवले असेल तर त्याने हात वर करावा.

शब्दांची ही गल्लत फक्त आपल्याला भोवते असे नाही. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ती जिवाशी भोवते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी लेबलावर चार रंग दिले: लाल चौकोनात कवटी आणि ‘पॉयझन’, पिवळ्यात कवटीविना ‘पॉयझन’, निळ्यात ‘डेंजर’, हिरव्यात ‘कॉशन’. विषारीपणाची उतरती भाजणी. इंग्रजी कोशात हे तीन शब्द शेजारी असतील, पण आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘लई डेंजर’ हा सगळ्यांत वरचा शब्द आहे. पैलवान डेंजर, वळण डेंजर, पोलीस पाटील डेंजर. ‘पॉयझन’ तो सिनेमात ऐकतो. म्हणून त्याच्या हिशेबात निळी बाटली पिवळीपेक्षा जालीम, आणि पिवळी भरताना हातमोजे नकोत. हिरव्याची तर आणखी कथा. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, हे त्याला पक्के ठाऊक. तो विचारतो, “हे हिरवंवालं म्हंजी सेंद्रिय ना?” २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्याची कारणे अनेक होती, कपाशीची माथ्यावर गेलेली उंची, मिसळलेली औषधे, पंपाचा जोर. पण बाटली हाती देताना रंगाचा अर्थ सांगणारा माणूस त्या साखळीत फक्त एकच असतो, तो म्हणजे तुम्ही. आणि तुम्हीही तिला ‘औषध’च म्हणता. आम्हीही याच लेखात म्हटले, वर पाहा. जिभेची सवय.

अशीच गल्लत सोयाबीनच्या ‘उगवणी’ची, थोडक्यात. प्रयोगशाळेत ओल्या कागदात, ठरल्या तापमानात मोजतात ते ‘जर्मिनेशन’, आणि किमान ७० टक्के हवे ते तिथले. शेतात जमिनीवर डोके काढते ते ‘इमर्जन्स’. दोन्हींना मराठीत एकच शब्द, आणि पंचनाम्यात तोच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी टोकलेले, बोटाऐवजी वीतभर खोल गेलेले, पोते आपटत आणलेले बी शेतात ४० टक्के आले, की पंचनामा म्हणतो ‘उगवण ४० टक्के’ आणि दोष पिशवीवर. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात याच शब्दावर केवढे रान उठले! काही पिशव्या खरोखरच वाईट होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कोणत्या पिशव्या वाईट आणि कोणते शेत कोरडे, हे निवडायला दोन शब्द लागतात. आम्ही सुचवतो: प्रयोगशाळेसाठी ‘अंकुरण’, शेतासाठी ‘उगवण’. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो करणाऱ्या समितीला हे दोन रकाने वेगळे करायला लावा. ऐकले नाही तर तुमच्या सहीखाली तसे लिहा.

आता काम. ज्यांना या वर्षी नमुन्याचा अहवाल आला आहे, त्यांनी तिन्ही कागदांच्या झेरॉक्स या अंकावरच्या पत्त्यावर पाठवाव्यात. अहवालातला इंग्रजी शब्द आणि नोटिशीतला मराठी शब्द शेजारी शेजारी लावून आम्ही ते सगळे लातूरला, विभागीय कृषी सहसंचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहोत. एका नोटिशीने कोणी हलत नाही. गठ्ठ्याने कदाचित हलेल. आणि खुलासा लिहायला बसाल तेव्हा वकिलाला किंवा आम्हाला एक फोन आधी करा, पोस्ट केल्यावर नको.

पाकीट मात्र फेकू नका. आपल्या मित्राने ते ठेवले होते, तेही नोटीस आणायला दुसरे काही नव्हते म्हणून. अहवालावरची तारीख ३१ दिवसांपूर्वीची होती. पाकिटावरचा लोहा पोस्टाचा शिक्का २२ दिवसांपूर्वीचा. मधले नऊ दिवस अहवाल कुठल्या तरी ट्रेमध्ये झोपला होता. आम्ही शिक्का दाखवला, त्यांनी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवून उठले. सहा दिवस बाकी होते.