बुडू नका म्हणता, उलटायला कधी शिकवणार?

मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर लिहायलाच हवी होती.

परवा भाच्याला घेऊन कोलाडला कयाक शिकायला गेलो. भाचा वांद्रे पूर्वेचा, वय चौदा, तलावात माशासारखा पोहतो. मी रायगडात वीस वर्षं बातमीदारी केलेली, 'पर्यटकाचा बुडून मृत्यू' या मथळ्याच्या बातम्या किती लिहिल्या याचा हिशेब नाही. पण वाहत्या पाण्याबद्दल आम्हा दोघांनाही शून्य कळतं, हे पहिल्या तासातच समजलं.

कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यात मुळशी धरणाचं पाणी येतं. ते सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून नदीला मिळतं. याच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता. गावं पाण्याखाली गेली, मुंबईला वीज मिळाली आणि आज मुंबईकर त्याच पाण्यात राफ्टिंगला येतात. असो, तो वेगळा विषय.

सकाळी पाणी सुटायच्या आधी, संथ डोहात, गाइडने पहिली गोष्ट कोणती शिकवली असेल? वल्हं मारणं नव्हे, उलटं होणं. कमरेला रबरी झालर, ती कयाकच्या तोंडाला घट्ट बसवलेली. उलटलात की डोकं पाण्याखाली, पाय आत अडकलेले. अशा वेळी पुढे वाकायचं, झालरीचा पट्टा ओढायचा, दोन्ही हातांनी कयाक ढकलून बाहेर यायचं. सांगायला सोपं आहे. मी पहिल्या वेळी पट्टा सोडून पाणीच ओढत बसलो. नाकात पाणी, कानात पाणी, वर आलो तर भाचा हसतोय. चौथ्या वेळी जमलं. पाण्याखाली दोन सेकंद शांत राहता येतं, हे चाळिशी उलटल्यावर कळलं.

दुसरा धडा पाणी सुटल्यावर. प्रवाहात पडलात तर उभं राहायचं नाही. आपली पहिली धडपड असते पाय टेकवायची, आणि तीच घात करते. पाऊल दोन दगडांत अडकतं, मागून पाणी रेटतं आणि माणूस कमरेएवढ्या पाण्यातही आडवा होऊन बुडतो. म्हणून पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर. मोठ्या खडकामागे पाणी थांबून उलटं फिरतं, तिथे शिरायचं. पडलेल्या झाडाच्या फांद्यांपासून मात्र लांब, त्यातून पाणी जातं, माणूस जात नाही. दोर फेकला तर छातीशी धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही.

भाचा म्हणाला, "मामा, हे स्विमिंगच्या क्लासला का नाही शिकवत?"

आता 30 जून 2024 आठवा. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना धरून उभे असलेले ते लोक आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. तिथे ते पाठीवर तरंगले असते तर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. त्या धारेत ते शक्य नव्हतं. पण त्याच्या आधीची काही मिनिटं शिकवता येतात. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला की वर पाऊस झालाय, लगेच काठ गाठायचा. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. हे दहावीच्या पोरालाही समजतं, कुणी सांगायला हवं.

आपण काय केलं? जमावबंदी. दरवर्षी तेच. आदेश, फलक, पोलीस. वांद्र्याच्या बँडस्टँडला पोलीस शिट्ट्या फुंकून दमतात आणि लोक खडकावर सेल्फी काढतात. बंदी नको असं नाही, काही जागांना हवीच. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी घरांत शिरली, तेव्हा कोण पिकनिकला गेलं होतं? ऑफिसातून चालत निघालेली माणसं होती ती. पाण्यात जायचं नाही हा सल्ला त्यांच्या काय कामाचा?

कुणी म्हणेल, कयाक हा पैसेवाल्यांचा शौक. महाग आहेच, माझाही खिसा हलका झाला. पण मी म्हणतोय त्याला कयाक लागत नाही. पाठीवर तरंगणं, दोर फेकणं-धरणं, पाण्याखाली न घाबरणं, हे दादरच्या महापालिका तलावातही शिकवता येईल. वाहतं पाणी कसं वाचायचं ते वर्गात फळ्यावर. आणि खऱ्या प्रवाहासाठी कुंडलिका आहेच. शेजारच्या मध्य प्रदेशाने महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत कयाकिंगच्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा घेतल्या. आपल्याकडे रायगडच्या पोरांना नदीवर हंगामी मजुरी मिळते, तेवढंच. तीच पोरं जिल्ह्यातल्या शाळांत जाऊन शिकवू शकतात, त्यांना मानधन द्या.

महापालिकेच्या तलावांवरच्या उन्हाळी पोहण्याच्या वर्गात यासाठी दोन दिवस ठेवावेत, असा अर्ज मी लिहिलाय. वांद्रे-खारमधल्या पालकांच्या सह्या हव्यात. कमेंटमध्ये 'सही' लिहा, कागद घेऊन घरी येतो.